थांबा, हे कुठून येलालंय?

सर कुणाच्याही गाडीत बसले की आधी चपला काढायचे. दोन्ही चपला सीटखाली सारायचे, अनवाणी तळवे गाडीच्या तळाला टेकवायचे आणि डोळे मिटून बसायचे. नवख्या माणसाला वाटायचं, काय सात्त्विक गृहस्थ आहेत, गाडीलासुद्धा देऊळ मानतात. एका लग्नाला जाताना तर शेजारी बसलेल्या आजींनी त्यांच्याकडे बघून आपल्याही वहाणा काढल्या आणि डॅशबोर्डवरच्या गणपतीला हात जोडले. सरांच्या मनात त्या वेळी देव वगैरे काही नव्हता. त्यांच्या मनात मागचं डावं चाक होतं.

गाडीनं ऐंशी ओलांडले की सरांचा उजवा हात वर जायचा, वर्गातल्या पोरांना गप्प करायला जातो तसा.

"थांबा," ते म्हणायचे, "हे कुठून येलालंय?"

येलालंय म्हणजे येत आहे. आमच्या लातूरकडं असंच बोलतात. चार वर्षं पुण्यात राहून आलेली मंडळी जरा लाजून 'येतंय' म्हणायला लागतात, सर कधी लाजले नाहीत. आणि 'हे' म्हणजे गाडीची थरथर. ती असो वा नसो, प्रश्न यायचाच.

आमची शाळा औशात आणि बिऱ्हाडं लातुरात. मराठवाड्यातल्या शिक्षकाला निवडणुकीचं काम आणि अप-डाऊन या दोन गोष्टी कधी चुकत नाहीत. आमचं अप-डाऊन सरांच्या गाडीतून चाले. सर भूगोल शिकवायचे. पुढं त्यांच्या शेजारी मी, मराठीची बाई, आणि मागच्या सीटवर गणिताचे सर. औसा रोड चांगला रुंद झाल्यापासून सरांच्या आयुष्याला नवीनच अर्थ आला. आधी खड्ड्यांमुळं गाडी साठच्या वर जातच नसे, त्यामुळं तिच्या अंगात काय काय दडलं आहे ते कुणाला कळायचा प्रश्न नव्हता.

सरांची विद्या तशी सोपी होती. ती त्यांनी मला इतक्या वेळा शिकवली, की आता मी झोपेतही सांगेन. "बाई, थरथर हातात आली, म्हंजे स्टेअरिंगला, तर पुढचं चाक. बुडाखाली आली तर मागचं. ब्रेक मारल्यावरच आली तर डिस्क. रोड खराब असला तर गाडी चाळीसलाबी हलती. नव्वदला हलती आन एकशेदहाला गप होती, तर चाकाचा तोल गेलाय."

"आणि हातातही आली, बुडाखालीही आली तर?" मी एकदा विचारलं.

"तर मग ड्रायव्हर बदलायचा."

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग यांत जो गफलत करेल त्याला सर अडाणी समजत. गाडी एका बाजूला ओढते ते अलाइनमेंट. गाडी थरथरते ते बॅलन्सिंग. बॅलन्सिंगला चाक मशीनवर गरगर फिरवून, जिथं ते हलकं पडतं तिथं रिमला शिशाचा तुकडा ठोकतात. "नवरा-बायकोचंबी तसंच हाय," सर म्हणायचे. "ओढाओढी असली तर चालतंय. थरथर नको." त्यांच्या घरी काय होतं, हे मी वहिनींना कधी विचारलं नाही. पण सरांना सकाळी उठवणं हा वहिनींच्या घरातला सर्वांत जड उद्योग होता, हे अख्ख्या कॉलनीला माहीत होतं. मी अप-डाऊनसाठी त्यांच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले की आतून रोज तोच संवाद ऐकू येई. "अहो उठा, बाई आल्या." आणि मग उशीतून, "थांब गं, पाच मिनिटं."

एवढी विद्या असून सरांचं निदान बरोबर यायचं का, असं तुम्ही विचाराल. यायचं, कधीमधी. एका पावसाळ्यात त्यांना मागच्या डाव्या चाकाची थरथर जाणवायला लागली. आम्हाला काहीच कळत नव्हतं, पण सरांचे तळवे सांगत होते. चाक काढलं, बॅलन्स केलं, परत बसवलं. थरथर तशीच. टायर बदलला. थरथर तशीच. गंमत म्हणजे रविवारी वहिनींना घेऊन ते बाजारात जात तेव्हा गाडी अगदी शहाण्यासारखी चालायची. मिस्त्री त्यांना बघून दुकानात मागं जाऊन लपायला लागला. शेवटी गणिताच्या सरांना ताप आला, ते आठवडाभर शाळेत आले नाहीत, आणि थरथर पूर्ण बंद झाली. गणिताच्या सरांना बसल्या बसल्या पाय हलवायची सवय होती. ते मागं डाव्या बाजूला बसायचे. सर त्यांच्याशी महिनाभर नीट बोलले नाहीत. ते परत आल्यावर त्यांना उजव्या बाजूला बसवलं, एवढाच काय तो फरक.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. एखाद्याला घरात कुठंतरी गॅसचा वास येतो, एखाद्याला कडीकोयंडा पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. आपण हसतो आणि पुढं जातो. मीही हसायचे. फक्त एक गोष्ट मला कधी उलगडत नव्हती.

आमच्याकडं किल्लारीच्या भूकंपाची गोष्ट ज्याची त्याची असते. सप्टेंबर संपायला आला की स्टाफरूममध्ये तो विषय निघतोच. कोण कुठं होतं, कोण कसं पळालं, कुणाच्या घरातली भांडी कशी खाली आली. ज्यांची माणसं गेली ती गप्प बसतात, बाकीचे बोलतात. सर मात्र विषय निघाला की उठायचे. चहा सांगून येतो म्हणायचे, नाहीतर घंटा झाली का बघतो म्हणायचे. भूगोलाचा शिक्षक, वर्गात भूकंपाचा धडा फळाभर आकृत्या काढून शिकवणारा, आणि स्वतःची गोष्ट म्हणून एक वाक्य नाही. मला वाटायचं, घरातलं कुणी गेलं असणार. असं विचारायचं नसतं, म्हणून मी विचारलं नाही.

मग अश्विनीच्या लग्नाचं निघालं.

अश्विनी सरांची एकुलती एक मुलगी, माझी जुनी विद्यार्थिनी. नांदेडला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीला होती. स्थळ हदगावचं होतं. मुलगा विशाल, नांदेडला बियाण्यांच्या कंपनीत, घरी कापूस-सोयाबीनची शेती. दोघं फोनवर बोलली होती, एकदोनदा भेटलीही होती, आणि अश्विनीच्या आवाजात जो बदल झाला होता तो मला फोनवरसुद्धा कळत होता. राहिलं होतं ते फक्त घर बघणं. वहिनी म्हणाल्या, "बाई, तुम्ही चला. यांच्यावर कुणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे."

सरांची गाडी त्या आठवड्यात, तुम्ही ओळखलंच असेल, बॅलन्सिंगला होती. त्यामुळं आम्ही नांदेडपर्यंत एसटीनं गेलो. एसटीचा पत्रा न् पत्रा वाजत होता, खिडकीची काच दातकडी बसल्यासारखी कडकडत होती, पण सर शांत झोपले होते. एसटीची थरथर ते धरायचेच नाहीत, ती ऐंशीच्या खालची. बसस्टँडवर विशाल आपली गाडी घेऊन आला होता. पांढरी, धुतलेली, आरशासारखी. वाकून नमस्कार केला, वहिनींची पिशवी घेतली. सर पुढं बसले आणि त्यांनी चपला काढल्या. मी मनातल्या मनात म्हटलं, झालं.

अर्धापूर मागं पडलं आणि काटा नव्वदकडं गेला. हात वर झाला.

"थांबा. हे कुठून येलालंय?"

विशालनं वेग कमी केला. "काय सर?"

"हे. ही थरथर. आता गेली. नव्वदला होती."

"हां, ते?" पोरगं मोकळेपणानं हसलं. "ते लई दिवसांपासून हाय सर. काही फिकर करू नका. सवय झाली आता."

वहिनींनी मागून त्यांच्या खांद्याला बोट लावलं, पण सरांनी मागं वळून बघितलं नाही. हदगावला घर चांगलं होतं, माणसं साधी होती. विशालचे वडील ओसरीवर खुर्चीत बसून होते. वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता, उजवी बाजू गेली होती. त्यांनी डाव्या हातानं सरांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. चिवडा झाला, चहा झाला, शेवग्याच्या झाडाखाली उभं राहून पावसाबद्दल बोलणं झालं. येताना पुन्हा तीच गाडी आणि पुन्हा तीच थरथर. खरं सांगते, या वेळी ती मलाही कळत होती.

लातूरच्या एसटीत बसल्यावर सर म्हणाले, "न्हाई जमायचं."

वहिनींना वाटलं, ते सीटबद्दल बोलतायत.

घरी जो गदारोळ झाला तो सांगत नाही. अश्विनीचा मला फोन आला. "बाई, बाबांनी त्याला नापास केलं की मला? मला तर काही कळंना. चाक हलतंय म्हणून लग्न मोडतंय का कुठं?" ती आधी हसत होती, मग रडायला लागली. "मला तो आवडलाय, बाई. मी दुसऱ्या कुणाला बघायला तयार होणार न्हाई. बाबाला सांगा."

सरांची गाडी परत आली त्या दिवशी औशाला जाताना मी विषय काढला. गणिताचे सर मागून म्हणाले, "अहो, रोड खराब असेल."

"तुम्ही पाय हलवू नका," सर म्हणाले. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागले. "बाई, हलतंय हे एखाद्याला कळलं न्हाई, तर ते मी समजू शकतो. समदे काय माझ्यासारखे नसतेत. पण ह्याला कळलंय! कळलंय आन म्हणतोय सवय झाली. उद्या माझी पोरगी आतल्या आत हलली, तिला काही सलाय लागलं, तर हा काय करंल? दोन दिवस बघंल. मग त्याचीबी सवय होईल."

आता यावर मराठीच्या बाईनं काय बोलायचं? वाक्य तर चुकीचं नव्हतं. चुकीचं असलं तर त्याचा उपयोग चुकीच्या माणसावर होत होता, आणि तेही मला ठामपणे सांगता येत नव्हतं.

तोड अश्विनीनंच काढली. बापाला ती पुरती ओळखून होती. तिनं विशालला सांगितलं, लग्नाबद्दल एक अक्षर बोलू नकोस, माफीबिफी मागू नकोस, नुसता गाडी घेऊन लातूरला जा आणि म्हण, सर, गाडी हलतीय, जरा बघता का?

रविवारी विशाल दारात उभा राहिला आणि अगदी तेवढंच म्हणाला. सर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली ठेवला, पोराकडं बघितलं, गाडीकडं बघितलं. नको असलेल्या जावयाला दारातून परत पाठवणं सोपं असतं. हलणारी गाडी परत पाठवणं सरांच्यानं झालं नसतं. "काढ गाडी," ते म्हणाले. वहिनींनी मला हाक मारली आणि मीही मागं जाऊन बसले.

औसा रोडला आमची वरात निघाली. सर आधी पुढं बसले, मग मागं बसले, मग विशालला मागं बसवून स्वतः चालवायला लागले. नव्वदला हात वर, एकशेदहाला हात खाली. मग परत नव्वद. प्रत्येक फेरीला नवं निदान. आधी म्हणाले, टायरला फुगा आलाय. उतरून चारही टायरांवरून हात फिरवला, फुगा नव्हता. मग टायरच्या दुकानातल्या मिस्त्रीला म्हणाले, "मागचा ड्राइव्ह शाफ्ट गेलाय." मिस्त्री म्हणाला, "सर, ह्या गाडीला मागं शाफ्ट नसतोय." सर म्हणाले, "तेच म्हणलालोय मी." मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मी आकाशाकडं बघितलं.

"बुडाखाली येलालंय," सर शेवटी म्हणाले. "मागचं डावं चाक पुढं टाक आन पुढचं मागं. थरथर बुडाखालून हातात आली, तर चोर सापडला." हे मात्र बरोबर होतं. मिस्त्रीनं जॅक लावला. सर अनवाणीच खाली उतरले होते, चपला गाडीतच राहिल्या होत्या. ते वाकून बघत होते आणि विशाल चाकाला हात लावायला पुढं झाला. चाक सुटलं, जमिनीवर जरा जोरात आदळलं, आणि रिमच्या आतून एक ढेकूळ निघून थेट सरांच्या पायावर पडलं.

सर पाय धरून बाजूच्या रिकाम्या टायरवर बसले. आम्ही सगळे त्या ढेकळाकडं बघत राहिलो. काळी माती. ती ओली असते तेव्हा सोडत नाही आणि वाळली की दगड होते. गाडी वरून आरशासारखी होती, पण चाकाच्या आतल्या बाजूला कोण हात घालतो? तिथं ही माती एका अंगाला चिकटून, थरावर थर वाळत बसली होती. चाकाचा तोल तिनंच घालवला होता.

"ही कुठून आली?" सर म्हणाले.

"रानातली हाय सर." विशाल त्यांच्यापुढं उकिडवा बसून पायाला कुठं लागलंय ते बघत होता. "बाबांना रोज रान बघायचं असतंय. दोघांनी उचलून बैलगाडीत बसवलं, तर त्यांना कसंतरी वाटतंय. लोक बघतेत म्हणतेत. गाडीत बसून गेलं की आपणच चाललो असं वाटतंय त्यांला. मी हदगावला असलो की नेतो. रानाच्या वाटेला, पाणंदीत, चिखल लई."

"तिथं हलत न्हाई?"

"तिथं कुठं हलंल सर, तिथं वीसच्या वर जातच न्हाई गाडी. बाबांना जराबी हादरा बसला की दुखतंय, म्हणून बैलाच्या चालीनं नेतो. हायवेला लागलो की हलती."

"मग हायवेला हलती तवा?"

"तवा मी एकटाच असतो ना सर," विशाल म्हणाला. "एकट्याला काय."

मिस्त्री दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला. मग पाय चोळत, ढेकळाकडं बघत, सरांनी ती गोष्ट सांगितली. इतकी वर्षं आम्ही एका गाडीतून जात होतो आणि मला ती माहीत नव्हती.

भूकंपाच्या वेळी सर औशाजवळच्या त्यांच्या गावात होते. नोकरी नुकतीच लागली होती. त्याआधी वर्षभर अधूनमधून बारीक हादरे यायचेच. सुरुवातीला लोक बाहेर पळायचे, नंतर कूस बदलून झोपायला लागले. "सवय झाली होती," सर म्हणाले. गणपती बुडवून आल्यावर सगळे दमून झोपले होते. "रोज सकाळी मला आई हलवून उठवायची. रोज मी म्हणायचो, थांब गं, पाच मिनिटं. त्या रोजी खाट हलाय लागली. मला वाटलं आई हाय. मी म्हणालो, थांब गं, पाच मिनिटं. आन कूस बदलली."

आई बाहेर पोचली होती. मुलगा आला नाही म्हणून ती परत आत आली. तिनं त्याला ओढून बाहेर काढलं, आणि निघता निघता दगडमातीच्या भिंतीचा एक दगड तिच्या पायावर आला. घरातलं कुणी गेलं नाही. कुणी गेलं नाही म्हणून ती गोष्ट कुणाला सांगण्यासारखीही नव्हती. आई पुढं जन्मभर लंगडत चालली.

"मला भूकंप कळलाच न्हाई, बाई," सर म्हणाले. "समद्यांना कळला. मला वाटलं आई हलवलालीय."

मला त्या माणसाची इतकी माया आली, की मी पदराशी चाळा करत उगाच टायरांची नक्षी बघत राहिले. विशालनं समजूत घातली नाही, त्याबद्दल मी त्याला तिथंच पास करून टाकलं. त्यानं फक्त ते ढेकूळ उचललं आणि रस्त्याच्या कडेच्या गवतात हळूच ठेवलं, फेकलं नाही.

सरांनी खाकरून घसा साफ केला. "माती जपावी," ते म्हणाले, "पण चाकाच्या आत न्हाई. रानातून आलास की पाइप आतून मारायचा. कळलं का?"

"हाव सर."

"चल. ट्रायल."

विशालनं गाडी काढली. सर पुढं, डोळे मिटलेले, तळवे टेकलेले. ऐंशी. नव्वद. पंच्याण्णव. सरांचा हात मांडीवरून उचलला गेला. मागचं डावं चाक आता पुढं होतं, आणि हा माणूस काहीही शोधून काढू शकत होता. हात थोडा वेळ तसाच अधांतरी राहिला. मग तो सीटखाली गेला.

"चपला कुठंयत माझ्या?" सर म्हणाले, आणि चालत्या गाडीत त्यांनी चपला पायात घातल्या. अप-डाऊनच्या इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा बघत होते. मी तिथूनच अश्विनीला मेसेज केला, "चपला घातल्या." तिला सगळं समजलं.

लग्न लातूरलाच झालं. पाठवणीच्या वेळी फुलांच्या माळा लावलेली गाडी दारात उभी राहिली, सगळ्या बायका रडायच्या तयारीत, आणि सर गायब. गाडीही गायब. नवरा-नवरी रस्त्यावर उभी. थोड्या वेळानं गाडी परत आली, निम्म्या माळा तुटलेल्या, काही बोनेटवर लोंबत होत्या. सर बायपासला जाऊन नव्वदला चालवून आले होते. उतरले, चावी विशालच्या हातात दिली आणि म्हणाले, "जा आता." मग मात्र ते रडले. चारचौघांत, हुंदके देऊन, लेकीचा हात धरून रडले. वहिनींना त्यांना आवरावं लागलं.

त्यानंतर दर रविवारी फोन. लेकीची खुशाली विचारायची सरांची एक स्वतःची तऱ्हा होती. फोन जावयाला लावायचा आणि विचारायचं, "हलती का?" विशाल म्हणायचा, "न्हाई सर." त्यात गाडी किती आणि अश्विनी किती, हे त्या दोघांनाच ठाऊक. एकदा मात्र विशालनं सांगितलं, "जराशी हलती सर." त्या वेळी अश्विनी आजारी होती. सर त्याच दिवशी नांदेडला निघाले, एसटीनं.

निवृत्तीला थोडेच दिवस राहिले असताना सर गेले. झोपेतच गेले. ज्या माणसानं जन्मभर कुठला हादरा चुकू नये म्हणून पाय उघडे ठेवले, त्याला त्याचा स्वतःचा शेवटचा हादरा कळला नाही. लोक म्हणाले, भाग्यवान.

वहिनी माझा हात धरून सांगत होत्या, पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या. "सकाळी मी हलवलं, बाई. उठले न्हाईत. मला वाटलं, रोजच्यासारखंच. म्हणून मी थांबले. पाच मिनिटं थांबले."

अस्थी गोदावरीत सोडायला आम्ही नांदेडला निघालो. विशालनं गाडी आणली होती. आत कलश होता म्हणून सगळ्यांनीच चपला काढल्या होत्या. मी मागं वहिनींच्या शेजारी, पुढं अश्विनी, मांडीवर कलश, पाय अनवाणी. रस्ता मोकळा होता. विशालनं नेहमीसारखी गाडी हळूहळू नव्वदवर नेली. मी तळवे दाबून बसले होते. नव्वद झाले, कुणाचा हात वर गेला नाही. काही नाही. चाकं अशी फिरत होती, जणू गाडी जागची हलतच नव्हती. विशालचे डोळे आरशात माझ्याकडं आले.

"बाई, काही जाणवतंय का?"

"नाही रे. काहीच नाही."

अश्विनीनं कलशावरचा हात उचलून त्याच्या हातावर ठेवला. "जरा हळू घे."

"का? हलायलीय?"

"न्हाई," ती म्हणाली. "हलत न्हाई, म्हणून."